जीपच्या पुढच्या एक्सलचा क्रॉस: निवडायचा कसा, बसवायचा कसा, टिकवायचा कसा

जीपचा पुढचा क्रॉस, म्हणजे दोन शाफ्टना कोनात जोडणारा चार दांड्यांचा, अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कंपनीचा घालू? माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की क्रॉस ज्या योकमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दोन कानांच्या बेचक्यात बसतो, त्या योकचे कान अजून शाबूत आहेत का? आणि दुसरा, गाडी वर्षभर कशात चालते? पाण्यात, चिखलात की कोरड्या दगडात? या दोन्हींची उत्तरं न शोधता महागातला क्रॉस आणला, तर तोही आधीच्याइतक्याच दिवसांत बोलायला लागतो आणि शिव्या मात्र कंपनीला बसतात.

कोल्हापूरच्या आसपास गाडी चालवणाऱ्याला तर दुसरा प्रश्न टाळताच येत नाही. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड हा सगळा पट्टा पावसाळाभर भिजलेला असतो आणि तिथली जांभ्याची लाल माती बारीक व करकरीत. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडं काळी माती; ती चाकाला धरली की सोडत नाही. मध्ये उसाच्या फडातल्या ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या आणि पाचट. असल्या मुलखात क्रॉस दगडावर तुटून जातो त्यापेक्षा आतून गंजून, कोरडा पडून जास्त जातो. म्हणून निवडीपेक्षा मोजमाप, बसवणी आणि ग्रीस यांवर इथे जास्त लिहिलं आहे.

आपल्या गाडीत क्रॉस नेमका कुठं आहे?

फोर बाय फोर गाडीत क्रॉस दोन ठिकाणी असू शकतात. एक, ट्रान्सफर केसमधून (जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीतून) पुढं-मागं जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर. हे जवळपास सगळ्या गाड्यांत असतात. दुसरे, पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना, चाक ज्या सांध्यावर वळतं त्या नकलच्या आत. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या क्रॉसचा.

महिंद्राच्या जुन्या जीप, म्हणजे पुढं अख्खा एक्सल आणि पाटे असलेल्या गाड्या, या जातीत मोडतात. त्यांतही दोन प्रकार बघायला मिळतात. जुन्या ठेवणीत नकलवर मोठा गोळा असतो आणि जोड त्याच्या आत वंगणात बंद असतो. दुसऱ्या प्रकारात नकल उघडी असते; खाली वाकून बघितलं की क्रॉस थेट दिसतो. रांजणगावात जोडली जाणारी जीप रँग्लरही उघड्या क्रॉसवालीच.

जिप्सी आणि जिम्नीवाल्यांनी मात्र एक्सलसाठी क्रॉस शोधत फिरू नये. त्यांच्या नकलमध्ये गोळ्यांवर चालणारा, कोनातही एकसारखा फिरणारा सीव्ही जोड असतो आणि त्याला मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस लागतं. 2010 साली आलेल्या थार सीआरडीईला आणि 2020 च्या नव्या थारला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथंही चाकाकडं सीव्ही जोड आणि रबरी बूट. या गाड्यांना लेखातला प्रोपेलर शाफ्टचा भाग तेवढा लागू.

जुना एक्सल भंगारातून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये चार वेगवेगळ्या प्रकारचे जोड येत: बेंडिक्स-वाइस, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर. यातला स्पायसर तेवढा क्रॉसवाला. बाहेरून गोळा सारखाच दिसतो, त्यामुळं शाफ्ट बाहेर काढून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

हा क्रॉस का तुटतो?

क्रॉसच्या जोडाचा एक मूळ स्वभाव आहे. कोन पडला की बाहेरचा शाफ्ट एकसारख्या वेगानं फिरत नाही. आतला शाफ्ट समान गतीनं फिरत असला, तरी 30 अंशाच्या कोनात बाहेरचा शाफ्ट एका फेरीत दोनदा साधारण 15 टक्क्यांनी पुढं पळतो आणि दोनदा 13 टक्क्यांनी मागं राहतो. 15 अंशाला हाच फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. प्रोपेलर शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात, ते एकमेकांची चूक खोडून काढतात. पुढच्या एक्सलला चाकाकडं एकच क्रॉस, त्यामुळं चूक खोडायला कुणी नाही. फोर बाय फोर टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर हाताला जे हिसके जाणवतात, ते बऱ्याचदा या स्वभावाचेच असतात. लगेच क्रॉस खराब झाला म्हणून खोलायची गरज नाही.

आता जोराचं गणित. समजा इंजिनाचा टॉर्क 190 न्यूटन मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर 4, लो रेंजचं अडीच आणि डिफरन्शियलचं साडेचार. गुणाकार केला तर एक्सलांपर्यंत मिळून साडेआठ हजार न्यूटन मीटर पोचतात. त्यातला निम्मा पुढं, आणि पुढच्या दोन चाकांत पुन्हा वाटणी, म्हणजे एका क्रॉसवर दोन हजारांच्या वर. पण चाकावर 450 किलो वजन असेल, टायरची त्रिज्या 37 सेंटिमीटर असेल आणि दगडावर पकड चांगली असेल, तरी साधारण 1,300 न्यूटन मीटरला टायर घसरतो. म्हणजे क्रॉसवरचा जोर इंजिन किती देतं यापेक्षा टायर किती धरतो यावर ठरतो. चाक घसरतं म्हणूनच क्रॉस वाचतो.

आता कुठं घात होतो ते उघड आहे. चाक दगडाच्या कपारीत अडकलं, घसरायला जागाच राहिली नाही, की सगळा जोर क्रॉसवर. डिफ लॉक (डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकं एकत्र बांधणारी सोय) असेल तर दुसऱ्या चाकाचा वाटाही त्यावरच. चाक उड्या मारत पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटलं, तर प्रत्येक वेळी धक्का. 29 इंची टायरच्या जागी 33 इंची घातले की त्रिज्या 14 टक्क्यांनी वाढते, तेवढाच क्रॉसवरचा जोरही वाढतो. शिवाय टायरचं वजन वेगळं. आणि हे सगळं स्टिअरिंग पूर्ण वळवून केलं, तर योकचे कान एकमेकांना टेकायच्या बेतात असतात. टेकले, की एकतर कान फाकतो किंवा क्रॉस फुटतो.

तपासणी, गाडी न खोलता

सुरुवात कानांनी करा. मोकळ्या मैदानात फोर व्हील टाका, हब लॉक (चाकाला शाफ्टशी जोडणारे खटके) असतील तर लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवून चालण्याच्या वेगानं गोल फिरा. खिडकी उघडी ठेवा. फिरण्याच्या लयीत टक-टक असा आवाज आला, तर दांड्यांवरचे टोपीसारखे कप किंवा त्यांतल्या बेअरिंगच्या सुया गेल्या. चिमणीसारखा चिवचिवाट येत असेल, तर जोड कोरडा पडलाय, पण बहुधा अजून तुटायच्या अवस्थेत नाही. डांबरी रस्त्यावर ही चाचणी लांबवू नका. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये (जिथं पुढचा-मागचा एक्सल घट्ट जोडला जातो) कोरड्या डांबरावर वळण घेतलं की पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये पीळ भरतो आणि नसलेला आवाज यायला लागतो.

मग पुढचा एक्सल जॅकवर उचला, दोन्ही बाजूला घोडी (स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी. उघड्या नकलवाल्या गाडीत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, टॉर्च घ्या आणि कपाच्या कडेला बघा. सील जिथं क्रॉसला टेकतं तिथं विटकरी रंगाची कोरडी पूड दिसली, तर आत पाणी जाऊन सुया गंजल्यात. ही खूण आवाजाच्या आधी दिसते, म्हणून तिला मी सगळ्यात जास्त मानतो. पाचट, सुतळी किंवा काटेरी तारेचा तुकडा योकभोवती गुंडाळलेला असेल, तर तो कापून काढा आणि त्याखालचं सील नीट बघा. पाचटाचा वेटोळा सील कडेनं उचलतो.

आता एका हातानं आतला शाफ्ट धरा, दुसऱ्यानं बाहेरचं टोक वर-खाली आणि पुढं-मागं हलवा. हलका रेटा द्या, झटके नकोत. कपात कट-कट जाणवली तर क्रॉस संपला. शाफ्ट सगळा एकत्र लांबीच्या दिशेनं आत-बाहेर थोडा सरकतो, ती डिफरन्शियलमधल्या साइड गिअरची नैसर्गिक ढिलाई असते. तिची आणि क्रॉसच्या ढिलाईची गल्लत करू नका.

गोळ्यावाल्या बंद नकलमध्ये आत बघता येत नाही. तिथं भराव प्लग उघडून थोडं वंगण बोटावर घ्या. दुधाळ, पांढरट असेल तर पाणी गेलंय. चमकणारे कण असतील तर आत कुणीतरी झिजतंय. गोळ्याच्या मागं फेल्ट आणि रबराचं सील असतं, ते फाटलं की ओढ्यातलं पाणी सरळ आत. क्रॉस बदलून हे सील जुनंच ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेकाठच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. अशी गाडी विकत घेत असाल तर आवाजाची, पुडीची वाट न बघता पुढचे दोन्ही जोड, हबची बेअरिंगं आणि डिफचं ऑइल उघडून बघायचंच. बाहेरून रंगवलेली नकल आतलं काही सांगत नाही.

निवड

दुकानात जाण्याआधी व्हर्निअर घ्या. दोन मापं लागतात: कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधलं अंतर. दुसरं माप कुठं घ्यायचं ते लॉक (कपाला जागेवर धरणारी कडी) कुठं बसतं यावर ठरतं. प्रोपेलर शाफ्टच्या बऱ्याच क्रॉसना लॉक कानाच्या बाहेरच्या बाजूला, भोकातल्या खाचेत बसतात. एक्सलच्या क्रॉसना बहुधा आतल्या बाजूला, कपावरच्या खाचेत इंग्रजी सी आकाराचे लॉक असतात. दोन्हीची मापं सारखी वाटली तरी अदलाबदल होत नाही. जुना क्रॉस सोबत न्या. दुकानदारालाही बरं पडतं. एकाच मॉडेलच्या गाडीत आधीच्या मालकानं दुसराच शाफ्ट टाकलेला असू शकतो, त्यामुळं नुसतं गाडीचं नाव सांगून क्रॉस मागू नका.

मापं जुळली की ग्रीस निपलवाला की सीलबंद हा प्रश्न. निपलवाल्या क्रॉसमध्ये ग्रीस जाण्यासाठी मधून आणि चारही दांड्यांतून भोकं पाडलेली असतात. धातू तेवढा कमी, म्हणून त्याच मापाच्या भरीव क्रॉसपेक्षा तो कमजोर. दगडात तुटलेला निपलवाला क्रॉस बघितला तर तडा अनेकदा निपलच्या भोकातून गेलेला दिसतो. भरीव सीलबंद क्रॉस ताकदवान, पण पाणी एकदा आत गेलं की ते बाहेर काढायचा मार्ग नाही. बदलणं एवढाच इलाज.

माझा कल असा. गाडी मुख्यतः पाण्यात, चिखलात, शेतात जाते आणि तुम्ही ग्रीस गन खरोखर हातात धरता, तर निपलवाला. गाडी दगडाच्या चढांवर जाते, टायर मोठे आहेत, डिफ लॉक आहे, तर भरीव. आणि ग्रीस गन शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली असेल, तर प्रामाणिकपणे भरीव आणि चांगल्या सीलचाच घ्या. निपल असून ग्रीस न दिलेला क्रॉस दोन्हीकडून मार खातो. निपल मध्यभागी असण्याऐवजी कपाच्या टोकाला असलेले क्रॉसही मिळतात. त्यात मधलं अंग कमी पोखरलं जातं, पण एक्सलमध्ये कपाचं टोक नकलच्या फार जवळून फिरतं. निपल घासणार नाही याची आधी खात्री हवी.

हातात घेतल्यावर क्रॉस असा बघा. कप हलकेच काढा, सुया पूर्ण भरलेल्या आहेत का, मध्ये एक सुई मावेल इतकी फट आहे का ते पाहा. दांडीवर नख फिरवा; ग्राइंडिंग गुळगुळीत हवं, चाकाच्या रेषा लागता कामा नयेत. सीलला एकच पातळ ओठ आहे की दोन-तीन, ते बघा. आपल्या मुलखात हा फरक क्रॉसच्या नावापेक्षा मोठा. लॉक सोबत आलेत का, आणि ते खाचेत घट्ट बसतात का? खोक्यावरचा नंबर क्रॉसच्या अंगावरच्या नंबराशी जुळतो का? नामांकित कंपनीच्या खोक्यात भलताच माल मिळणं नवं नाही, म्हणून बिल घ्या.

क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाचे) शाफ्ट आणि खास क्रॉस यांच्या मागं लागण्याआधी एक विचार करा. क्रॉस मजबूत केला की जोर पुढच्या कमजोर जागी सरकतो: हब, शाफ्टची स्प्लाइन (टोकावरचे दाते) किंवा डिफचा गिअर. क्रॉस तुटणं परवडतं, क्राउन-पिनिअन फुटणं परवडत नाही. शर्यतीत उतरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. शनिवार-रविवारच्या गाडीला मूळ मापाचा चांगला क्रॉस पुरतो.

शाफ्ट बाहेर काढणं

हबच्या आतलं काम गाडीगणिक वेगळं असतं, म्हणून टॉर्कचे आकडे आणि नटांचा क्रम आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. सर्वसाधारण क्रम असा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. गाडी घोडीवर घेऊन चाक काढा. डिस्क असेल तर कॅलिपर काढून तारेनं वर बांधा. ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका. मग लॉकिंग हब, त्यामागचे दोन नट आणि मधला वाकवलेला वॉशर, बाहेरचं बेअरिंग आणि हब. सगळं काढलेल्या क्रमानं स्वच्छ कपड्यावर मांडत जा. पुढं स्पिंडलचे (हब ज्यावर फिरतो त्या पोकळ दांड्याचे) नट काढा. स्पिंडल गंजानं धरलेला असतो. त्याला लाकडाच्या किंवा पितळेच्या हातोडीनं चहूबाजूंनी ठोका, स्प्लाइनच्या बाजूनं लोखंडी घण घालू नका.

रँग्लरसारख्या गाडीत हब आणि बेअरिंग एकच असतं आणि ते नकलला मागून तीन बोल्टनी धरलेलं असतं. हे बोल्ट काढण्याआधी आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

शाफ्ट ओढताना तो आडवा, एका रेषेत बाहेर काढा. खाली झुकू दिला तर स्प्लाइनची धार नळीतल्या ऑइल सीलला कापते, आणि मग क्रॉस बदलल्यावर आठवड्याभरात नकलमधून डिफचं ऑइल गळायला लागतं. दोन्ही शाफ्ट एकत्र काढत असाल तर डावा-उजवा खूण करा. बऱ्याच एक्सलमध्ये लांबी वेगळी असते.

जुना क्रॉस काढणं आणि कान तपासणं

लॉक आधी काढायचे. गंजून बसले असतील तर कपाला आतल्या बाजूला किंचित दाबा, लॉकवरचा ताण कमी होतो आणि ते सुटतं. मग व्हाइस घ्या. एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, ते कपाला ढकलेल. समोरच्या बाजूला कप आत मावेल इतकं मोठं सॉकेट. व्हाइस आवळत जा. कप बाहेर आला की बाजू उलटा करा. सी प्रेस असेल तर हेच काम सोपं होतं.

न निघणाऱ्या क्रॉसला घण घालायची सवय आपल्याकडं फार आहे. कान टेकवून वरून ठोकलं की कान आत वाकतो, डोळ्याला दिसतही नाही, आणि नवा क्रॉस पहिल्या दिवसापासून आवळलेला राहतो. गॅसनं लाल करणं त्याहून वाईट. योकच्या पोलादाचा कडकपणा त्यानं उतरतो. हलतच नसेल तर ग्राइंडरनं क्रॉसचं मधलं अंग कापा, चारही दांड्या सुट्या करा आणि कप एकेक दाबून काढा. जुना क्रॉस तसाही टाकायचाच आहे.

क्रॉस निघाला की दांड्या पुसून उजेडात धरा. एका बाजूला ओळीनं बारीक उभ्या चऱ्या दिसतील, नखाला लागतील. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, तेव्हा कोन जवळपास शून्य असतो. सुया फिरत नाहीत, त्याच जागी धक्के खातात आणि दांडीवर आपली खूण उमटवतात. चऱ्या चारही दांड्यांवर सारख्या असतील तर ही वयाची झीज. एकच दांडी काळी-निळी पडली असेल, तर त्या कपाला ग्रीस पोचत नव्हतं. एकाच कपात गंज असेल, तर ते सील फाटलं होतं. नवा क्रॉस बसवताना काय सुधारायचं, ते या दांड्यांवरच वाचायला मिळतं.

आता कान. भोक बारीक पॉलिश पेपरनं फक्त पुसण्यापुरतं घासा, माप वाढवू नका. कडेचा बर (उठलेला धातू) आणि लॉकच्या जागेतला मळ टोकदार सुईनं काढा. कोरडा नवा कप भोकाच्या तोंडाशी लावून अंगठ्यानं दाबा. बोटाच्या जोरावर पूर्ण आत सरकला, तर कान ढिला झालाय. व्हाइसचा निश्चित रेटा लागायला हवा. शंका असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या टर्नरकडं शाफ्ट न्या. दोन्ही कानांतून एकदम जाईल असा, कपाच्या मापाचा सरळ गोल तुकडा तो लेथवर करून देईल. तो एका कानातून जाऊन दुसऱ्यात अडखळला, तर कान वाकलेत; दोन्हींत खडखडला, तर भोकं वाढलीत.

कान वाकलेला किंवा ढिला झालेला शाफ्ट बदलूनच टाकायचा. कानाला पंचनं ठिपके मारून कप घट्ट करणं, आत पत्र्याची पट्टी सारणं किंवा कपाला वेल्डिंगचा टाका मारणं हे तिन्ही उपाय केलेले शाफ्ट मी बघितलेत. घरापर्यंत यायला टाका चालेल. नव्या क्रॉससाठी नाही. उष्णतेनं कपाचा कडक थर आणि सील दोन्ही जातात. काही अनुभवी मंडळी शर्यतीच्या गाडीत जाणीवपूर्वक टाका मारतात, पण ते त्या क्रॉसला एका मोसमापुरता मानतात.

नवा क्रॉस बसवणं

ही पायरी सगळ्यात नाजूक, आणि सगळ्यात घाईत होते. जागा स्वच्छ करा, हात पुसा. प्रत्येक कपात सुया उभ्या आहेत का बघा आणि त्यांना जागेवर धरण्यापुरतं ग्रीस लावा. कप काठोकाठ भरू नका. तळाशी ग्रीस कोंडलं की कप पूर्ण बसत नाही.

क्रॉस योकमध्ये तिरका घालून मध्यावर आणा. एक कप थोडासा आत दाबा, दांडी त्यात सरकवा. मग समोरचा कप सुरू करा. यापुढं दांडी दोन्ही कपांत कायम राहिली पाहिजे. एकीकडून सुटली की सुई आडवी पडते आणि कपाच्या तळाशी जाऊन बसते. दाबताना दर थोड्या अंतरावर थांबून क्रॉस बोटानं फिरवून बघा.

कप दोन-तीन मिलिमीटरनं आधीच अडला आणि लॉकची खाच दिसेना, तर सुई पडलीय. इथं व्हाइसचा दांडा आणखी ओढायचा मोह होतो. कप काढा, सुई उभी करा, परत लावा. चिरडलेली सुई दोन-चार फेऱ्यांत दांडी खरवडते.

निपलचं तोंड कुठं येणार ते दाबण्याआधी ठरवा. शाफ्ट गाडीत असताना, स्टिअरिंग वळवल्यावर ग्रीस गनचं टोक तिथं पोचलं पाहिजे. नंतर लक्षात आलं तर सगळं परत खोलावं लागतं.

लॉक खाचेत पूर्ण उतरले की स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून बघा. फिरले म्हणजे बसले. मग योकच्या कानाला पितळेच्या हातोडीनं बाहेरच्या दिशेनं एक-दोन हलके ठोके द्या, कप लॉकला टेकतात आणि ताठरपणा जातो. जोड हातात धरून चारही दिशांना वळवा. नव्या सीलचा थोडा घट्टपणा चालेल, पण तो सगळीकडं एकसारखा हवा. एका जागी अडकून पुढं सुटत असेल, तर खोला.

सी आकाराच्या लॉकऐवजी पूर्ण गोल लॉक बसणारे शाफ्टही मिळतात. जोर आल्यावर कप बाहेर फेकला जाण्याचा धोका त्यांनी कमी होतो. असं काही बसवलं तर शाफ्ट जागेवर घालून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन हातानं एक पूर्ण फेरी फिरवा. नकलला कुठं घासत नाही ना, ते बघा.

स्टिअरिंग स्टॉपचा बोल्ट

याच्याकडं फार कमी जण बघतात. चाक किती वळावं हे नकलवरचा एक बोल्ट ठरवतो. रुंद टायर घासतात म्हणून कुणी तो बाहेर वाढवतो, वळण लहान व्हावं म्हणून कुणी आत घालतो, आणि कधी तो गळूनच पडलेला असतो. बोल्ट नसेल तर चाक शेवटी योकच्या कानांवर थांबतं. घोडीवर गाडी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवा, चाक हातानं फिरवा आणि कानांमध्ये फट राहते का बघा. दोन-तीन मिलिमीटर तरी दिसली पाहिजे. नाही तर बोल्ट वाढवा आणि चेक नट आवळा. वळणाचा घेर थोडा वाढतो, तेवढं सोसायचं.

ग्रीस आणि पावसाळा

क्रॉससाठी लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी (जास्त दाब सोसणारं), 2 नंबरचं ग्रीस ठीक. आधीचं ग्रीस कुठलं आहे माहीत नसेल, तर मिसळण्याऐवजी जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं भरा. निपल पुसूनच गन लावा, नाहीतर तोंडावरची माती आपणच आत ढकलतो. हळूहळू दाबा. चारही सीलमधून थोडं थोडं ग्रीस बाहेर यायला हवं, आधी काळं, मग स्वच्छ. एका कपातून येत नसेल तर चाक थोडं फिरवून, स्टिअरिंग दुसरीकडं वळवून परत दाबा. तरीही नाही आलं, तर त्या कपाचा रस्ता बंद आहे आणि तोच कप आधी जाणार.

अंतर मोजत बसण्यापेक्षा पाणी मोजा. हब पाण्याखाली गेला असेल तर घरी आल्यावर, शक्यतो त्याच संध्याकाळी ग्रीस. धावून तापलेला जोड थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढून घेते. म्हणून ओढ्यात शिरण्याआधी दोन मिनिटं थांबणं फायद्याचं. कोरड्या दिवसांत सर्व्हिसच्या वेळी ग्रीस दिलं तरी चालतं.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारू देऊ नका. ओढ्यात जे पाणी आत शिरलं नाही, ते तिथं शिरतं. लाल माती पाण्याच्या साध्या नळीनं भिजवून काढा.

लॉकिंग हब असलेल्यांसाठी आणखी एक. हब मोकळे ठेवून महिनोन्महिने गाडी चालवली की पुढचे शाफ्ट फिरतच नाहीत. ग्रीस खालच्या कपात उतरतं, वरचा कप कोरडा पडतो. महिन्यातून एकदा हब लावून, टू व्हीलमध्येच पाच-सात किलोमीटर चालवा.

प्रोपेलर शाफ्टचं थोडक्यात: ग्रीस देताना मधल्या सरकत्या स्प्लाइनलाही द्या. शाफ्ट दोन तुकड्यांत काढण्याआधी रंगानं रेघ मारा. जोडताना एक दाता जरी सरकला, तरी दोन्ही क्रॉस एकमेकांची चूक पूर्ण खोडत नाहीत आणि गाडी थरथरते.

चालवताना

पूर्ण वळलेलं चाक आणि पूर्ण दाबलेला पाय, या दोन गोष्टी एकत्र आणायच्या नाहीत. चढावर चाक अडलं तर आधी स्टिअरिंग थोडं सरळ करा, मग रेस. चाक उडायला लागलं की पाय काढा. तिसऱ्या-चौथ्या आपटीला क्रॉस जातो. अडकलेली गाडी पुढं-मागं झटके देऊन काढण्यापेक्षा विंच किंवा दुसऱ्या गाडीचा पट्टा स्वस्त पडतो. आणि राधानगरीचं जंगल अभयारण्य आहे. तिथं वाट सोडून गाडी घालायची नाही, क्रॉस कितीही भक्कम असला तरी.

वाटेत तुटला तर

सुटा क्रॉस सोबत ठेवण्यापेक्षा क्रॉस बसवलेला अख्खा शाफ्ट ठेवा. चिखलात बसून सुया उभ्या करणं होत नाही, आणि क्रॉस फुटतो तेव्हा कानही बहुधा वाकवून जातो. लांब-आखूड शाफ्ट असतील तर दोन्ही बाजूंचे.

स्पेअर नसेल तर आधी टू व्हील हायमध्ये या आणि दोन्ही हब मोकळे करा. तुटलेले तुकडे नकलमध्ये अडकून स्टिअरिंग जाम करू शकतात, म्हणून चाक दोन्हीकडं वळतंय का हे बघितल्याशिवाय निघू नका. स्पिंडलवर बेअरिंग असलेल्या जुन्या जीपमध्ये चाक शाफ्टवर अवलंबून नसतं. तुटलेला शाफ्ट पूर्ण काढून, हब परत बसवून घरी जाता येतं. रँग्लरसारख्या युनिट हबमध्ये मात्र बाहेरचा छोटा शाफ्ट आणि त्याचा मोठा नट बेअरिंगला आवळून धरतात. तिथं क्रॉसचे तुकडे काढा, आतला शाफ्ट काढा, पण बाहेरचा तुकडा हबमध्ये नट आवळूनच ठेवा. शाफ्ट काढल्यावर नळीचं तोंड स्वच्छ चिंधीनं घट्ट बंद करा, नाहीतर उतारावर डिफचं ऑइल वाहून जातं. घरी पोचल्यावर ती चिंधी काढायची आणि ऑइल बदलायचं. चिखल थोडाफार आत गेलेला असतोच.